मालातील दोष आणि त्यावरील पहारा

माल ओळखण्याची विद्या ही आपल्या व्यापारी समाजाची जुनी ठेव आहे. कापसाचा पुंजका दोन चिमटींत धरून ओढला की तंतूची लांबी सांगणारे, हळकुंड मोडून त्याच्या आवाजावरून व आतील रंगावरून भाव ठरविणारे, गुळाच्या ढेपेवर नख मारून तिची जात ओळखणारे आणि कसोटीवरील रेघेवरून सोन्याचा कस सांगणारे वृद्ध व्यापारी ज्यांनी पाहिले असतील, त्यांना ही विद्या किती सूक्ष्म होती हे निराळे सांगावयास नको. तथापि या विद्येची एक मर्यादा होती. माल दुसरा कोणीतरी निर्माण करीत असे. आपण तो तयार झाल्यावर पाहत होतो. चांगला तो घ्यावयाचा, वाईट तो परत करावयाचा, एवढ्यावर आपली जबाबदारी संपत असे. आज पेढीवर बसणाऱ्यांची मुले व नातवंडे कारखाने चालवू लागली आहेत. कारखान्यात निघालेला वाईट माल परत कोणाला करणार? तो आपल्याच अंगणात निर्माण झालेला असतो, त्यात आपलाच कच्चा माल, आपलीच वीज आणि आपल्याच माणसांचे श्रम खर्ची पडलेले असतात. म्हणून दोष निवडून काढण्यापेक्षा दोष घडूच न देणे ही कारखानदारीतील खरी विद्या होय, आणि या विद्येस अलीकडे यंत्रांच्या ‘स्मार्ट’ देखरेखीची जी जोड मिळाली आहे, तिचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

या विचाराला निमित्त झाले ते छाणीचे. बडोद्याच्या उत्तरेस, अहमदाबादच्या रस्त्यावर असलेले हे गाव आता शहराला लागूनच गेले आहे. जैन समाजात छाणीची ख्याती आहे ती दीक्षार्थींचे गाव म्हणून आणि तेथील ग्रंथभांडारांमुळे. या भांडारातील एक ताडपत्री पोथी कलेच्या अभ्यासकांस विशेष परिचित आहे. विक्रम संवत् १२१८ म्हणजे इसवी सन ११६१ मधील या पोथीत ओघनिर्युक्ति व तिच्यासमवेत इतर काही ग्रंथ असून सोळा विद्यादेवी, सरस्वती, लक्ष्मी, अंबिका इत्यादींची लहान लहान चित्रे आहेत. पश्चिम भारतातील जैन चित्रकलेचा इतिहास लिहिणाऱ्यांना या पोथीला वळसा घालून पुढे जाता येत नाही. बडोद्याचे विद्वान उमाकांत प्रेमानंद शाह यांनी सोळा महाविद्यांच्या मूर्तिशास्त्रावरील आपल्या १९४७ सालच्या अभ्यासात या चित्रांचा उपयोग केला आहे.

चित्रांची कीर्ति झाली, पण पोथीतील विषयाकडे व्यापारी वाचकाचे सहसा लक्ष जात नाही. ओघनिर्युक्ति हा साधूंच्या दैनंदिन आचाराचा ग्रंथ आहे, आणि त्यातील पहिलेच प्रकरण आहे प्रतिलेखनेचे, म्हणजे ज्याला आपण नित्याच्या बोलण्यात पडिलेहण म्हणतो त्याचे. वस्त्र, पात्र, रजोहरण, जी काही मोजकी उपधि साधूजवळ असते ती सकाळ-सायंकाळ उलगडून, पालटून, ठरलेल्या क्रमाने पाहावयाची. काही दिसले म्हणून पाहावयाचे असे नव्हे. काही दिसो वा न दिसो, वेळ झाली की पाहावयाचे. त्याच ग्रंथात पुढे उपकरणांचे प्रमाण किती असावे हे येते आणि शेवटाकडे प्रतिसेवना, आलोचना व विशुद्धि ही प्रकरणे येतात, म्हणजे चूक घडली तर ती कशी मांडावी आणि तिची शुद्धि कशी करावी. पडिलेहणाचा हेतू जीवरक्षेचा आहे, मालाच्या गुणवत्तेचा नाही. ही दोन क्षेत्रे एकच आहेत असे म्हणणे हे त्या आचारास हीनत्व आणणारे होईल, आणि तसे म्हणण्याचा माझा हेतू नाही. परंतु ज्या समाजात लहान मुलेसुद्धा सामायिकाला बसताना मुहपत्तीचे पन्नास बोलांचे पडिलेहण शिकतात, त्या समाजाला नियमित, क्रमबद्ध आणि हानी होण्यापूर्वी करावयाची पाहणी म्हणजे काय हे परदेशी पुस्तकातून समजावून द्यावे लागू नये, एवढे मात्र म्हणावेसे वाटते.

हीच छाणी आज कारखान्यांच्या सान्निध्यात आहे. शेजारीच गुजरात स्टेट फर्टिलायझर्स कंपनी आहे. तिची स्थापना १९६२ साली झाली व १९६७ साली तिचे उत्पादन सुरू झाले. पलीकडे कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना १९६५ सालचा. उत्तरेस नंदेसरीची रासायनिक वसाहत. खुद्द बडोद्याची औद्योगिक परंपरा याहून पुष्कळ जुनी, आणि तिच्यात मराठी माणसांचाही वाटा आहे. महाराजा सयाजीरावांनी १८९० साली कलाभवन स्थापन केले. त्याचे प्रमुख त्रिभुवनदास गज्जर. पुढे १९०७ साली ॲलेम्बिक केमिकल वर्क्स निघाली तेव्हा गज्जर व भाईलाल अमीन यांच्याबरोबर प्रा. कोटीभास्कर हेही तिच्या संस्थापकांत होते.

दोष आधी रोखण्याची आवश्यकता किती, हे पाहण्यासाठी खताचेच उदाहरण घ्यावे. युरिया हे खत खेड्यातील शेतकऱ्यापासून पेठेतील विक्रेत्यापर्यंत सर्वांच्या परिचयाचे. अमोनिया व कर्बवायू यांच्या संयोगाने ते तयार होते. अखेरीस त्याचा वितळलेला रस उंच मनोऱ्याच्या माथ्यावरून थेंबाथेंबाने खाली सोडतात आणि वर येणाऱ्या हवेत ते थेंब गोठून पांढरे दाणे बनतात. युरिया सुमारे १३३ अंश सेल्सियसला वितळतो. तो रस अशा उष्णतेवर गरजेपेक्षा जास्त वेळ राहिला की युरियाचे दोन रेणू एकमेकांस चिकटून त्यांतून अमोनिया निघून जातो आणि बाययुरेट नावाचा पदार्थ तयार होतो. हा पदार्थ पिकास बाधक आहे. विशेषतः पानांवर फवारणी केली असता लिंबूवर्गीय झाडांची पाने पिवळी पडतात. म्हणून १९८५ च्या खत नियंत्रण आदेशाने युरियातील बाययुरेट दीड टक्क्यापेक्षा जास्त नसावे असे ठरविले आहे.

आता गंमत अशी की, दाण्याकडे पाहून तो दोष दिसत नाही. दाणा तसाच पांढरा, तसाच गोल, हातात घेतला तर तसाच थंडगार. गुळाला नख मारणारा आमचा वृद्ध व्यापारी येथे हतबल आहे. आणि प्रयोगशाळेत तपासून दोष सापडला तरी पोत्यात भरलेल्या दाण्यातून बाययुरेट वेगळे काढावयाचे कसे? व्यवहारात ते शक्य नसते. जे करावयाचे ते रस गरम असतानाच, तापमान, दाब आणि रस किती वेळ थांबला या तीन गोष्टींवर क्षणोक्षणी नजर ठेवून करावयाचे. चाळणीने निवडता येतो असा खडा निराळा आणि धान्यात मुरलेली कीड निराळी. आधुनिक कारखान्यातील पुष्कळसे दोष दुसऱ्या जातीचे असतात.

ही दृष्टी प्रथम शास्त्रशुद्धपणे मांडली ती अमेरिकेतील वॉल्टर शूहार्ट यांनी. टेलिफोनची उपकरणे करणाऱ्या वेस्टर्न इलेक्ट्रिक या कंपनीत ते काम करीत. १६ मे १९२४ रोजी त्यांनी आपल्या वरिष्ठांस एक लहानसे टिपण धाडले. त्यात एका आलेखाचा नमुना होता. मधोमध सरासरीची रेघ, वर एक मर्यादा, खाली एक मर्यादा, आणि दर वेळच्या मोजणीचा एकेक ठिपका. कोणत्याही यंत्रातून निघालेले दोन नग तंतोतंत सारखे नसतात. थोडा चढउतार स्वाभाविकच असतो. त्या चढउताराच्या मागे धावू नये. पण ठिपका मर्यादेबाहेर गेला, किंवा ठिपके एकाच दिशेने सरकू लागले, तर मात्र काही विशिष्ट कारण उपटले आहे असे समजून यंत्र थांबवावे व ते कारण शोधावे. स्वाभाविक चढउतार आणि विशिष्ट कारण यांतील हा भेद म्हणजेच या शास्त्राचे मर्म होय.

हे शास्त्र आपल्याकडे फार उशिरा आले असा एक समज आहे. तो बरोबर नाही. प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी १९३१ साली कलकत्त्यास भारतीय सांख्यिकी संस्था काढली, आणि स्वातंत्र्य मिळाल्यावर लगेच, १९४७-४८ च्या हिवाळ्यात, त्यांच्या निमंत्रणावरून स्वतः शूहार्ट भारतात येऊन गेले. जपानमधील डेमिंग यांची प्रसिद्ध व्याख्याने झाली ती १९५० साली, म्हणजे त्यानंतर. बीज आपल्याकडे आधी पडले होते. पीक त्यांनी आधी काढले. याचे कारण आपल्या अभियंत्यांची बुद्धी कमी पडली हे नसून आपल्या मालकवर्गाला त्या काळी माल खपविण्याची चिंताच नव्हती हे असावे, असे मला वाटते. टंचाईच्या बाजारात दोषी मालालाही गिऱ्हाईक मिळत असे.

यास गुजरातेत एक मोठा अपवाद झाला, आणि तो आपल्या समाजाशी निगडित असल्यामुळे येथे सांगणे अगत्याचे आहे. १९४७ साली अहमदाबादेत कापड-उद्योगाची संशोधनसंस्था, जी ‘अटिरा’ या नावाने ओळखली जाते, ती निघाली. तिच्या मागे शेठ कस्तुरभाई लालभाई व विक्रम साराभाई हे होते, आणि प्रारंभीची कित्येक वर्षे साराभाईंनीच तिचे संचालन केले. गिरण्यांत मोजमाप करून सूत व कापड यांतील दोष कमी करावे हे तिचे एक मुख्य काम होते. बडोद्यात साराभाईंचा औषधी रसायनांचा कारखाना १९४३ सालीच निघाला होता. १९६० साली त्यांनी येथे ऑपरेशन्स रिसर्च ग्रुप ही संस्था काढली.

अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये १९५३ साली झालेला एक प्रयोग तर आजही जगभरच्या अभ्यासक्रमांत शिकविला जातो. स्वयंचलित माग आणूनही उत्पादन वाढेना आणि कापडातील डाग-दोष कमी होईनात. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस यांनी पाहिले की २२४ मागांच्या त्या खात्यात बारा निरनिराळी कामे निरनिराळ्या माणसांकडे वाटून दिलेली आहेत. एक फक्त तुटलेला धागा जोडतो, दुसरा फक्त बॉबिन भरतो, तिसरा फक्त तेल घालतो. माग सर्वांचे, म्हणून कोणाचेच नाहीत. तेव्हा कामगारांचे लहान लहान गट करून प्रत्येक गटाकडे ठराविक मागांची सर्वस्वी जबाबदारी सोपविली. उत्पादन वाढले आणि खराब कापडाचे प्रमाण उतरले. यंत्र तेच, सूत तेच. फक्त राखण करणाऱ्याला ‘हे माझे’ असे म्हणता येऊ लागले. राइस यांनी हा वृत्तांत १९५८ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला.

मागाचा विषय निघाला म्हणून आणखी एक गोष्ट. स्वयंचलित मागात ताण्याच्या प्रत्येक धाग्यावर एक पातळ धातूची पट्टी टांगलेली असते. धागा शाबूत आहे तोवर पट्टी लोंबकळत राहते. धागा तुटला की ती खाली पडते आणि माग आपोआप थांबतो. जपानमधील साकिची तोयोदा यांच्या १९२४ सालच्या मागाची ख्याती अशाच स्वयंथांब्यासाठी होती, आणि त्यांच्या घराण्याने पुढे मोटारींचा कारखाना काढला तेव्हा हेच तत्त्व माणसांनाही लागू केले: दोष दिसताच कोणत्याही कामगाराने दोरी ओढावी आणि सबंध रांग थांबवावी. आज ज्याला स्मार्ट देखरेख म्हणतात तिचे मूळ या पडणाऱ्या पट्टीत आहे. आता पट्टीच्या जागी सेन्सर आला, दोरीच्या जागी मोबाइलवरचा संदेश आला, कापडावरून कॅमेरा फिरू लागला, आणि संगणक मागच्या महिन्याच्या नोंदी पाहून पुढच्या तासाचा इशारा देऊ लागला. तत्त्व बदललेले नाही.

आता प्रत्यक्षातील एक हकीकत सांगतो. छाणीच्या बाजूस माझ्या एका आप्ताचा लहानसा कारखाना आहे. नायलॉनचे बुश, चकत्या व लहान दंतचक्रे साच्यात घालून तेथे बनवितात. नायलॉन-६ हा या परिसराचाच पदार्थ म्हणावयास हरकत नाही, कारण ज्यापासून ते होते त्या कॅप्रोलॅक्टमचे उत्पादन शेजारच्या खत कारखान्यात १९७४ पासून सुरू झाले. एका वर्षी आषाढात त्यांचा जवळजवळ महिन्याभराचा माल एका खरेदीदाराकडून परत आला. काही नगांवर चंदेरी रेघा उठल्या होत्या. काही दिसण्यात निर्दोष होते, पण बसविताना तडकत होते. परत आलेली खोकी मागच्या ओसरीत थप्पी लावून ठेवली होती आणि तिच्या बाजूने जाताना कोणी तिच्याकडे पाहत नसे. थप्पी विकावयाची तर भंगाराच्या भावाने. बँकेचे हप्ते थांबणारे नव्हते, आणि तो खरेदीदार गेला तर बारा-चौदा माणसांच्या कामाचा प्रश्न होता.

प्रथम जे सर्वजण करतात तेच त्यांनी केले, तपासनीस वाढविले. तीन मुली टेबलाशी बसवून प्रत्येक नग पाहावयास लावला. रेघा असलेले नग वेगळे निघाले. तडकणारे मात्र निघेनात, कारण तडक नजरेला दिसत नव्हती. काही नग मोडून पाहण्याची पद्धत सुरू केली. येथे थोडे गणित सांगावेसे वाटते. एखाद्या लॉटमध्ये शेकडा एक नग दोषी असेल आणि त्यातून पन्नास नग तपासावयास काढले, तर त्या पन्नासांत एकही दोषी न सापडण्याचा संभव शंभरात साठ वेळा असतो. म्हणजे बहुतेक वेळा लॉट ‘उत्तम’ ठरतो आणि गिऱ्हाइकाच्या हाती जाऊन तडकतो. नमुना-तपासणीवर विसंबून झोपी जाणाऱ्या कारखानदाराने हे गणित एकदा स्वतः करून पाहावे.

नायलॉनचा स्वभाव असा की ते हवेतील ओलावा शोषून घेते. पाण्यात पुरेसे बुडून राहिले तर आपल्या वजनाच्या नऊ-दहा टक्के पाणी ते पिते. साच्यात घालण्यापूर्वी मात्र दाण्यात सुमारे दोन दशांश टक्क्याहून अधिक ओल चालत नाही. ओला दाणा वितळला की पाण्याची वाफ पृष्ठभागावर चंदेरी रेघा उठविते, आणि उष्णतेत तेच पाणी नायलॉनच्या लांब साखळ्या तोडून माल आतून दुबळा करते. हे माझ्या आप्तास ठाऊक नव्हते असे नाही. दाणा वाळविण्यासाठी हॉपरवर गरम हवेचे यंत्र होते, त्यावर तापमानाचा काटा होता, आणि काटा ऐंशी अंश दाखवीत होता. कागदोपत्री सर्व यथास्थित होते. त्यांनी तर तो काटा संगणकास जोडून पडद्यावर हिरवी रेघही आणविली होती. रेघ हिरवी आणि माल ओला.

उलगडा केला तो एका जुन्या ऑपरेटरने. तो म्हणाला, “शेठ, हवा गरम आहे, पण कोरडी कुठे आहे? पावसाळ्यात आमच्या घरी पापड चुलीपाशी ठेवले तरी मऊच राहतात.” बोलणे साधे, परंतु त्यात सारे शास्त्र आले. बाहेरची दमट हवा ओढून ती कितीही तापविली तरी तिच्यातील पाणी कोठे जात नाही. अशा हवेत नायलॉन एका मर्यादेपलीकडे वाळतच नाही. मोजावयास हवी होती हवेची कोरड, आणि मोजली जात होती तिची उष्णता. आपल्या घरांतून पिठाची मर्यादा पावसाळ्यात सर्वांत कमी दिवसांची धरतात. तेथे आपल्या आजीबाई उष्णतेकडे नव्हे, ओलाव्याकडे लक्ष ठेवीत असत. कारखान्यात शिरताना हे ज्ञान आपण बहुधा चपलांबरोबर बाहेर ठेवतो.

पुढे त्यांनी हवा आधी शोषक खड्यांतून गाळून कोरडी करणारे यंत्र बसविले. त्या हवेचा दवबिंदू, म्हणजे किती थंड केल्यावर तिच्यातून पाणी सुटेल तो अंश, मोजणारा सेन्सर लावला. अशा यंत्रात तो शून्याखाली चाळीस अंशांच्या आसपास असावा लागतो. आता पडद्यावर जी रेघ आली ती खरे बोलणारी होती. चारच दिवसांत असे दिसले की मध्यरात्रीनंतर दवबिंदू हळूहळू वर चढतो आणि पहाटे मर्यादा ओलांडतो. शोध घेता कळले की शोषक खडे ओलाव्याने भरत आले की त्यांना तापवून पुन्हा कोरडे करणारी झडप रात्रपाळीत अर्धवट अडकत होती. दिवसा कोणीतरी जाता-येता ती हलवीत असे. रात्री कोणी हलवीत नसे. दोष रात्री जन्मत होता आणि दिवसा टेबलावर सापडत होता, म्हणून आजवर दिवसपाळीच्या माथी मारला जात होता.

यानंतर जी चूक झाली ती पहिलीपेक्षा जास्त बोधक आहे. सेन्सरची किंमत आता काही हजारांवर आली आहे असे पाहून उत्साहाच्या भरात त्यांनी प्रत्येक यंत्रावर तापमान, दाब, स्क्रूची गती, चक्राचा वेळ, विजेचा भार, जे मोजता येईल ते सारे मोजावयास घेतले आणि प्रत्येकाला गजर लावला. दहा यंत्रे, प्रत्येकावर पाच सेन्सर, दर मिनिटास एक मोजणी. शूहार्ट यांच्या मर्यादा अशा आहेत की सर्व काही सुरळीत असतानाही हजारात सुमारे तीन ठिपके निव्वळ योगायोगाने बाहेर पडतात. दिवसाला एका सेन्सरच्या १,४४० मोजण्या. त्यातून सुमारे चार खोटे गजर. पन्नास सेन्सरचे मिळून दोनशेच्या घरात. आठवड्याभरात मुकादमाने आपल्या मोबाइलचा आवाज बंद केला, आणि त्याला दोष देता येत नाही. लांडगा आला रे आला ही गोष्ट यंत्रांनाही लागू पडते. मग त्यांनी बसून, ऑपरेटरांना जवळ घेऊन, प्रत्येक साच्यामागे दोन किंवा तीनच मोजमापे निवडली. ज्यांच्या बिघाडाने माल खरोखर बिघडतो तेवढीच. एकच ठिपका बाहेर गेला तर नोंद, लागोपाठ ठिपके एका बाजूस सरकले तर गजर, असा नियम केला.

दुसरी अडचण मनुष्यस्वभावाची होती. यंत्र बंद पडले तर ऑपरेटरच्या उत्पादनभत्त्यात कपात होत असे. तेव्हा गजर खरा आहे हे जाणूनही पाळी संपेपर्यंत यंत्र रेटण्याकडेच त्याचा कल राहिला. आणि त्याच्या जागी आपण असतो तर आपणही तेच केले असते. दोष दाखविणाऱ्यास दंड होत असेल तर दोष झाकला जाणारच. आलोचना निर्भयपणे करता यावी म्हणून आपल्या आचारात किती काळजी घेतलेली आहे! आप्ताने ती कपात काढून टाकली. गजरावर थांबविलेल्या यंत्राचा वेळ ऑपरेटरच्या खात्यावर लावावयाचा नाही असे ठरले, आणि पडदा मालकाच्या खोलीतून उचलून यंत्राशेजारी नेऊन ठेवला. पडदा मालकाजवळ असतो तेव्हा तो पाळत ठेवतो; ऑपरेटरजवळ असतो तेव्हा तो मदत करतो. स्मार्ट देखरेखीची यंत्रणा विकणारे लोक नेमके पहिल्या प्रकारचेच चित्र दाखवून मालकास भुलवितात, हे नमूद केल्याशिवाय राहवत नाही.

आपणांपैकी पुष्कळांचा स्वतःचा कारखाना नाही. आपण घाऊक वा किरकोळ विक्रेते आहोत, मग या विषयाशी आपला संबंध काय, असा प्रश्न येईल. खताच्या पोत्यातील नमुना नापास झाला तर विक्रेत्यासही चौकशीला तोंड द्यावे लागते. आणि १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात जे घडले ते महाराष्ट्रातील व्यापाऱ्याने विसरू नये. रुग्णांस औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायइथिलिन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य निघाले. चौदा रुग्ण दगावले. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली व अनेकांवर ठपका ठेवला. डायइथिलिन ग्लायकॉल दिसावयास ग्लिसरीनसारखेच पारदर्शक व दाट, चवीला गोडसर. पिंपाकडे पाहून भेद कळत नाही. अशा पिंपावर चिकटविलेली चिठ्ठी ही तपासणी नव्हे, आणि जो जो हात ते पिंप न तपासता पुढे सरकवितो तो तो हात त्या मालाचा जामीन होतो.

श्रावकाच्या तिसऱ्या अणुव्रताच्या अतिचारांत हीनाधिक मानोन्मान आणि प्रतिरूपक व्यवहार हे दोन सांगितले आहेत. खोटी मापे, आणि खऱ्यासारखा दिसणारा खोटा माल देणे. परंपरेने याचा अर्थ हेतुपुरस्सर केलेली भेसळ असाच घेतला जातो. पण ज्याला आपल्या सुकवणीच्या यंत्राचा काटा चुकीची गोष्ट मोजतो आहे हे ठाऊक झाले, आणि तरी ज्याने त्या पाळीचा माल चांगल्या खोक्यात भरला, त्याचा व्यवहार कोणत्या सदरात घालावयाचा? मुनिमहाराजांस विचारण्याजोगा हा प्रश्न आहे. माझ्यासारख्याने त्याचा निर्णय देऊ नये.

आप्ताच्या कारखान्यात मी गेल्या चातुर्मासात पुन्हा गेलो होतो. ओसरीतील थप्पी नाहीशी झाली होती. तपासणीच्या टेबलाशी आता तिघींऐवजी एकच मुलगी होती. उरलेल्या दोघी दाण्याची ओल मोजण्याचे काम व नोंदी पाहत होत्या. मालकांनी मला खर्चाची वही दाखविली: शोषक खडे दर काही वर्षांनी बदलावे लागतात, सेन्सर वर्षातून एकदा प्रमाणित करून घ्यावे लागतात, आणि हा दुसरा खर्च टाळण्याचा मोह त्यांना दर वर्षी होतो, असे ते स्वतःच हसत म्हणाले. बाहेर पाऊस कोसळत होता. पडद्यावरील दवबिंदू उणे अडतीस दाखवीत होता. जुना ऑपरेटर त्याकडे एकदा पाहून उठला, झडपेपाशी गेला, तिच्यावर हात ठेवून ती फिरते आहे याची खात्री करून घेतली, आणि परत येऊन आपल्या जागी बसला.